तेरडा कुणी उपटला

१५ जून

मंगळी,

फोनवर तू एकच गोष्ट बोललीस. “बोलू नको वयनी, लिहून धाड. बोलताना तुझा आवाज गोड लागतो, मग मला काय कळत नाय.” आणि ठेवून दिलास. म्हणून लिहिते आहे. हे पाकीट भरत त्याच्या जीपमधून शहापूरला नेईल आणि तिथून तानशाला, तू नि सावळ्या जोडीने राखण करता त्या फार्महाऊसवर पोचवेल. तू आश्रमशाळेत सातवी झालेली आहेस, वाचून दाखवायला कुणी लागणार नाही. ते बरंच आहे. आपल्या दोघींच्या मधे तिसरं माणूस नको.

आधी कामाचं लिहिते. फाल्गुनात सातेरी मधमाश्यांचा एक थवा आपणहून आला आणि माझ्या परसातल्या रिकाम्या पेटीत शिरला. हो, तीच पेटी. गेल्या सप्टेंबरात ओस पडली आणि जिच्यातला मध तू काढून नेलास असं आपल्या महिला गटाने ठरवलं, ती. सुरेखाताई नारळ घेऊन आल्या. पेटीला हळदकुंकू लावलं. “पावली गो पावली” म्हणाल्या. मी बाजूला उभी होते. त्या माझ्या मोठ्या जाऊ आणि वर गटाच्या अध्यक्षा, मी काय बोलणार?

तू सांगितलेलं डोक्यातून जात नाही. आषाढ-श्रावणात रानात फुलं नसतात, तेव्हा माश्यांची उपासमार होते, आणि भाद्रपदात तेरडा फुलला की त्या जगतात. त्यासाठीच तू रानातून ओंजळभर बी आणून आमच्या परसात फेकलं होतंस. बोंडं तडकून बी खाली पडेपर्यंत कुणी एक रोपसुद्धा उपटायचं नाही, गौरीसाठीही नाही, असं सगळ्यांनी पेटीवर हात ठेवून कबूल केलं होतं.

यंदा न्हाणीच्या मागे चाळीसेक रोपं उगवली आहेत. गेल्या वर्षी त्या कोपऱ्यात चार-दोन राहिली असणार, त्यांचं बी. बोटभर झाली आहेत. दाट आहेत, ती विरळ करू की तशीच राहू देऊ? मला भीती वाटते, मी हात लावला तर काहीतरी बिघडेल.

दुसरं काम. गटाला आणखी चार पेट्या मिळणार आहेत. गौरी-गणपती झाले की नावं द्यायची. तुझं नाव गेल्या वर्षी खोडलं होतं, ते परत घालावं असं मला वाटतं. तू ये. सगळ्यांसमोर एकदा उभी राहा, आपण मिटवून टाकू. झालं ते झालं. आणि मी तेव्हाही तुझं नाव घेतलं नव्हतं, हे तुला माहीत आहे.

काकडीचा मांडव घातला आहे. गेल्या साली माश्या गेल्यावर काकड्या वाकड्या आल्या होत्या, एका टोकाला पोटुशा आणि दुसऱ्या टोकाला सुकलेल्या. तू पाहिल्या नाहीस. तोवर तू गेली होतीस.

अनिता

२ जुलै

मंगळी,

भरतने तुझा निरोप दिला. जीप भरलेली होती, आठ माणसं. तो इंजिन चालू ठेवून खिडकीतून ओरडला, “ओ वयनी, मंगळीबाय सांगते, तेरडा कुणी उपटला ते लिही. मग पुढचं.” आठही माणसांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली आणि किराणाच्या दुकानात शिरले. काय घ्यायचं ते आठवेना, म्हणून काडेपेटी घेऊन आले.

ते मी तेव्हाच सांगितलं होतं. गौरी यायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी परसात गेले तर वाफा रिकामा होता. कुणीतरी नेला. गौरीचे दिवस, तेरड्याला गिऱ्हाईक असतं, मुरबाडच्या बाजारात जुडी करून विकतात. कुणीही नेला असेल.

परवा काय झालं ते सांगते. सकाळी भाकऱ्या थापत होते तर परसातून फुस्‌फुस आवाज आला. बाहेर येऊन बघते तर सुरेखाताई पाठीला पंप लावून उभ्या. बांधावरचं तण मारून झालं, उरलेलं औषध आमच्या परसात मारून संपवत होत्या. मी पिठाच्या हातांनी धावले आणि रोपांपुढे उभी राहिले.

“बाजूला हो गो. साडीवर उडंल.”

“ताई, तो तेरडा आहे.”

“मला काय डोळे नायत? गुडघाभर तण राखलंयस दारामागं. सापाला पाट मांडतेस का?”

“माश्यांसाठी आहे. पेटीवरून औषध जाईल, मरतील.”

“गेल्या साली पन माश्यांसाठीच होता. कुणाच्या उपयोगाला आला? ती गेली घेऊन.” मग नळी खाली करून म्हणाल्या, “त्या मंगळीचं इमान नि तेरड्याचा रंग. तीन दिस.”

मी जागची हलले नाही. शेवटी त्या पुटपुटत गेल्या. एका कडेची सहा रोपं दुसऱ्या दिवशी पिवळी पडली, बाकीची वाचली.

हे तुला कळवताना मला बरं वाटेल असं वाटलं होतं. पण लिहून झाल्यावर वाचलं. मी रोपांसाठी उभी राहिले. त्या तुझ्याबद्दल जे बोलल्या त्यावर मी एक शब्द काढला नाही. पीठ वाळून बोटांना चिकटलं होतं, ते खरवडत बसले.

आता फक्त चौतीस उरली आहेत.

अनिता

२७ जुलै

मंगळी,

मीच उपटला.

एवढंच लिहून पाकीट चिकटवणार होते. पण तू म्हणशील, अर्धं लिहिलंस. म्हणून कसा ते लिहिते.

नम्रताचं लग्न गेल्या वर्षीच्या वैशाखात झालं, तू वरातीत नाचली होतीस. तिची पहिली गौर शहापूरला, सासरी. चार दिवस आधी विहीणबाईंचा फोन आला. त्यांच्याकडे म्हणे बांधाबांधावर औषध मारून तेरडा दिसेनासा झालाय, बाजारात मिळतो तो बिनमुळाचा, आणि गौर तर मुळासकट लागते. मी विचार करायच्या आधी बोलून गेले, “तुम्ही कशाला विकत घेता? आमच्या परसात जंगल माजलंय.” त्या म्हणाल्या, आमच्या आळीत अकरा घरं आहेत हो. मी म्हटलं, अकराही घरांना पाठवते.

लग्नात आमच्याकडून मानपानात कमी पडलं होतं. कुणी बोलून दाखवलं नव्हतं, तरी मला ते टोचत होतं.

आदल्या दिवशी दुपारी आळीतल्या सगळ्या बाया मंडपात भजनाला बसल्या होत्या. मी डोकं दुखतंय म्हणून घरी राहिले. अकरा घरांना मूठ-मूठ तेरडा पुरला असता. तेवढाच उपटला आणि भारा बांधला. पण तो बारीक दिसला. लेकीच्या सासरी एवढासा भारा? मग आणखी उपटला. मग आणखी. माश्या फुलांत बसलेल्या होत्या. तेरड्याच्या फुलातून बाहेर पडताना त्यांच्या पाठीवर पांढरी पूड लागते, तू मला पहिल्यांदा दाखवलं होतंस ते. तशा पांढऱ्या पाठीच्या माश्या माझ्या हातातल्या रोपांवरून उठायच्या, नि परत त्याच रोपांवर येऊन बसायच्या. धुण्याच्या दगडावर मी मुळं धुतली. दोन मोठे भारे झाले. ह्यांनी ते मोटरसायकलला बांधले, आणि रस्त्याला लागेपर्यंत माश्या भाऱ्यामागे गेल्या. वाफ्यात काही उरलं नव्हतं.

संध्याकाळी मीच ओरडले, अगं बाई, वाफा कुणी उपटला!

सुरेखाताई पहिल्या आल्या. त्यांनी विचारलं, “मंगळी आलेली का आज?” तू सकाळी पेटी बघून गेली होतीस. मी म्हटलं, “सकाळी आली होती.”

तुझं नाव मी घेतलं नाही म्हणून पहिल्या पत्रात तुला ऐकवलं, ते एवढ्यावर. सकाळी आली होती. ते खरं होतं. त्याच्याइतकं खोटं मी आयुष्यात बोललेली नाही.

ह्यांना माहीत आहे. तुला मी पत्रं लिहिते हे माहीत नाही. नम्रताला काहीच माहीत नाही. आता तुला सगळं माहीत झालं. आता ये.

अनिता

१७ ऑगस्ट

मंगळी,

या वेळी भरत ओरडला नाही. जीप बाजूला घेतली, उतरला, चप्पल न वाजवता ओसरीपर्यंत आला. म्हणाला, “ती म्हंते, मला कशाला सांगतेस, मला ठाऊकच व्हतं. धुन्याच्या दगडावर लाल माती व्हती. चोर मुळं धुवायला थांबत नाय. ज्यांना ठाऊक नाय त्यांना सांग.” जीपकडे वळता वळता म्हणाला, “नि आनखी काय रायलंय ते पन, म्हंते.”

म्हणजे त्या संध्याकाळी माझा ओरडा ऐकून तू आलीस, दगडाकडे पाहिलंस आणि मग माझ्याकडे पाहिलंस, ते त्यासाठी. तू वाट बघत होतीस मी बोलते का. किती वेळ बघितलीस?

परवा झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या पडवीत गटाची सभा झाली. मी ठरवून गेले होते. घरातून निघताना हे आडवे आले. म्हणाले, “तू सांगशील नि मोकळी होशील. नम्रताच्या सासरी चोरीची गवर बसवली असं होईल, त्याचं काय? अकरा घरांत वाटलीय ती.” मी म्हटलं, आपल्याच परसातली होती. ते म्हणाले, “मग आतापर्यंत गप का होतीस?” मी चपला घातल्या आणि निघाले.

सभेत मी उठले.

“मंगळीचं नाव परत घालूया.”

सुरेखाताई वहीतून मान वर न करता म्हणाल्या, “का? कबूल झाली ती?”

“नाही. पण तिनं नेला असं कुणी पाहिलं?”

“मग कुणी नेला? तू सांग.”

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. सोनाली तर हातातली जिलेबी तशीच धरून. शब्द ओठापर्यंत आला होता, मंगळी, देवाशप्पथ आला होता. आणि मी म्हटलं, “गुरं शिरली असतील.”

सोनाली खो-खो हसली. “गुरं भारा बांधून नेतात काय गो? नि डोक्यावर घेऊन बाजाराला?” सगळ्या हसल्या. मीही हसले. मग विषय निघून गेला आणि नवीन चार पेट्या कुणाच्या दारात ठेवायच्या त्यावर भांडण सुरू झालं. नावं गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, तीन सप्टेंबरला पक्की होणार. त्यानंतर तुझं नाव जाणार नाही ते नाहीच.

घरी आल्यावर मला तुझ्या घरातला तो दिवस आठवत राहिला. आम्ही सहा जणी मध शोधायला आलो होतो. तुझी गोधडी झटकली, शिंकं उतरवलं, चुलीमागची लाकडं हलवली. सावळ्या बाहेर आमच्याकडे पाठ करून दोर वळत बसला होता. कोपऱ्यात मडकं होतं. सुरेखाताई म्हणाल्या, “अनिता, बघ गो त्यात.” मी हात घातला. नाचणीचं पीठ होतं. मनगटापर्यंत हात भरून बाहेर आला. तू म्हणालीस, “मध काढलेलं पोळं कापलेलं दिसतं. जा, पेटी उघडून बघा. सुरी लागलेली नाय.” एकही जण बघायला गेली नाही. आणि मी हात कुठे पुसू म्हणून बघत होते. शेवटी तुझ्याच दाराच्या चौकटीला पुसला.

तेरडा फुलायला लागलाय. गुलाबी जास्त, दोन-चार पांढरी. पण पेटीच्या दारात माश्या कमी दिसतात. सकाळी मोजल्या तर एका वेळी चार-पाच. हे ठीक आहे का?

एक गोष्ट अजून राहिली आहे. तिच्यासाठी पेन चालत नाही.

अनिता

३ सप्टेंबर

मंगळी,

सांगितलं. राहिलेलं पण सांगितलं. कसं ते क्रमाने लिहिते, कारण एव्हाना आळीत याच्या पाच गोष्टी झालेल्या असतील आणि भरत त्यातली सगळ्यात मोठी तुला ऐकवेल.

यंदा बांधावर तेरडा नाहीच. बाया कुठे कुठे फिरून आल्या, हातात गवत. शेवटी सुरेखाताईंनी ठरवलं, आळीची मिळून एकच गौर, त्यांच्या घरात, आणि ती माझ्या परसातून घ्यायची. मी म्हटलं, एकच रोप देईन. “एक तर एक,” त्या म्हणाल्या, “पन मुळासकट. नि तूच घेऊन ये, तुझं जंगल तुला ठाऊक.”

रविवारी दुपारी मी एक रोप काढलं. दगडावर मुळं धुतली. सुपात ठेवलं, वर पदर घेतला आणि सुरेखाताईंच्या दाराशी गेले. मागे पंधरा-वीस बाया. आत सुरेखाताई ताट घेऊन. आपल्या आळीची रीत तुला ठाऊक आहे, आत घ्यायच्या आधी विचारतात.

“गवर आली, कुठनं आली?”

सूप धरणारीने गौरीच्या वतीने रानातून आली म्हणायचं असतं. भरल्या घरातून भरल्या घरी आली म्हणायचं असतं. किती वर्षं म्हणते आहे मी ते. पण तो प्रश्न या वेळी कुणीतरी खरोखर विचारल्यासारखा वाटला. सूप हातात होतं म्हणून कदाचित. सूप खाली ठेवता येत नाही आणि पळूनही जाता येत नाही.

मी म्हटलं, “माझ्या परसातनं आली. गेल्या वर्षीही माझ्याच परसातली शहापूरला गेली. मी उपटली, अख्खा वाफा. मंगळीने काही नेलं नाही.”

मागे कुणाचं तरी वाजणारं ताट थांबलं. मला वाटलं आता थांबले तर ते राहिलेलं कायमचं राहील. म्हणून मी लगेच पुढचं बोलले. ते तुलाही माहीत नाही, मंगळी, ते इथे लिहिते.

तेरडा उपटल्यावर आठ दिवसांनी, अनंत चतुर्दशीला, मी पेटीचं झाकण उघडलं होतं. माश्या पोळ्यावर होत्या, पण हलत नव्हत्या, एकमेकींना धरून होत्या. पोळ्याची घरं कोरडी. मधाचा थेंब नव्हता. कापलेलं काही नव्हतं, सगळं चाटून खाल्लेलं. मला कळलं. त्या उपाशी आहेत आणि त्या मी उपाशी ठेवल्या आहेत, हे कळलं. तुला हाक मारावी असं मनात आलं. पण तू आली असतीस तर विचारलं असतंस, उपाशी का? म्हणून मी झाकण लावलं. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी पेटी ओस पडली. सुरेखाताई म्हणाल्या मध चोरला, माश्या पळाल्या. मला माहीत होतं चोरायला मधच नव्हता. माहीत असताना मी तुझ्या मडक्यात हात घातला.

एवढं सगळं दारात बोलले. सूप वाकडं झालं होतं, रोप एका बाजूला कलंडलेलं.

सुरेखाताई माझ्याकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा मला वाचता येईना. मग त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, नेहमीच्याच आवाजात. “कशाच्या पावलांनी आली?”

मला ‘सोन्याच्या’ म्हणवेना. मागून सोनाली म्हणाली, “सोन्याच्या पावलांनी आली गो. घे तिला आत. हिच्या पापानं तिला कशाला ताटकळत ठेवतेस?”

त्या दिवशी माझ्या हातचं कुणी पाणी मागितलं नाही. ठमीआजी तेवढी म्हणाली, “सण झाल्यावर बोलता आलं असतं बाय.” हे घरी आल्यावर माझ्याशी बोलले नाहीत. अजून बोलत नाहीत. जेवतात, ताट उचलून ठेवतात. नम्रताला मीच फोन केला. तिने सगळं ऐकलं. मग विचारलं, “बाबांना माहीत होतं?” मी म्हटलं, होतं. “म्हणजे माझंच राहिलं होतं तर,” म्हणाली. आणि सासूबाईंना मी सांगेन, तू सांगू नकोस, म्हणाली. काय सांगितलं, त्यांनी काय म्हटलं, अजून कळलं नाही. फोनची वाट बघते आहे.

आज सभा झाली. सुरेखाताईंनी वही उघडली आणि स्वतः लिहिलं. ठरावाची नक्कल सोबत आहे: मंगळीने तेरडा नेला नाही, मध नेला नाही, तेरडा अनिताने उपटला, माश्या उपासमारीने गेल्या, आम्ही मंगळीच्या घराची झडती घेतली ती आमची चूक, तिचं नाव गटात परत घेतलं आणि नव्या पेट्यांपैकी पहिली तिची. सगळ्या सह्या आहेत. सही करताना सुरेखाताई म्हणाल्या, “हात घाल म्हनून मीच सांगितलेलं हिला. लिहायला पायजे तर तेही लिहा.” ते सोनालीने खाली वेगळ्या शाईत लिहिलं आहे, बघ. मग म्हणाल्या, “पन मी तानशाला पाया पडायला जानार नाय. हे पन कळव तिला.” कळवते आहे.

माझं नाव खोडलं. पेटी सध्या माझ्याच परसात आहे, कारण माश्या असताना हलवायची कशी ते कुणालाच येत नाही.

तेहतीस रोपं उभी आहेत. फुलं भरपूर आहेत. तरी दारात माश्या कमीच. काल झाकणाला हात लावला आणि परत घेतला. तुला आता सगळं माहीत आहे, म्हणून विचारते. या वेळी उशीर करायचा नाही. काय करू?

अनिता

५ सप्टेंबर, तानसा

वयनी,

पाची पत्रं हायेत माझ्याजवळ. ठराव दोनदा वाचला. सावळ्याला पन वाचून दाखवला. तो म्हनला, बरं झालं. नि परत कामाला लागला. त्याला एवढं म्हनायला एक साल लागलं, तर मला जरा जास्त लागंल.

तेरडा उपटलास त्याचं मला फार काय नाय. लेकीच्या सासरी मान खाली नको म्हनून बाया काय काय करतात, मी पन केलंय. मडक्यात हात घातलास ते इसरनार नाय. पन ते माझ्या अंगावरचं हाय, मी बघून घेईन.

सुरेखाला सांग, पाया पडू नको. कंबर धरंल.

पन तीन दिवस, वयनी. कोरडी पेटी बघितलीस नि तीन दिवस गप बसलीस. माझं घर तुझ्या परसातनं दिसतं. नुसती हाक मारली असतीस तर पोचली असती. तुला वाटलं मी इचारीन, उपाशी का. दगडावरची माती मी आठ दिवस आधीच बघितलेली. तेव्हा इचारलं का? पेटीपाशी आले असते तरी नसतं इचारलं. आधी त्यांना खायला घातलं असतं. भांडन काय, ते कधी पन करता येतं. त्यांच्याजवळ तीन दिवसच व्हते.

ठरावात ह्याची ओळ नाय. नसू दे. मी लिहिली, तू वाच.

आता ऐक. एक वाटी साखर, एक वाटी पानी, गरम करून इरघळव नि पुरतं गार कर. झाकन उघडून बशीत ठेव, पोळ्याच्या खालच्या बाजूला. बशीत दोन-चार काड्या टाक, नायतर त्यात बुडून मरतील. झाकन उघडताना हात कापला तरी चालंल, पन श्वास माश्यांवर सोडू नको. हे पत्र वाचलंस की लगेच. भरतला मी सांगितलंय, तू घरात जाईपर्यंत जीप हलवायची नाय.

फुलं हायेत तरी माश्या कमी म्हंजे रानी म्हातारी झाली असंल, नायतर मेली असंल. ते बघायला लागंल, तुला कळनार नाय. रविवारी येते. सकाळच्या जीपनं. वाडीतल्या घराचं कुलूप भरतची बायको काढून ठेवील, मी तिकडंच उतरीन.

मग परसात येईन. पेटी बघीन. तू बाजूला उभी राहा नि शिक, पुढच्या साली मी कुठं असीन काय ठाऊक.

चहा टाकू नको माझ्यासाठी. मला घरात बोलवू नको. अजून नाय.

मंगळी